हवा तोडणारी झडप बसवलेली आहे, पण ती बंद होते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्वलनशील गॅस किंवा इंधनाची वाफ पसरून लागलेल्या आगीच्या वर्णनांत एक वाक्य अधूनमधून आढळते: 'चावी फिरवली, तरी इंजिन बंद होईना.' वाचणाऱ्याला तो चालकाचा गोंधळ वाटतो. डिझेल इंजिनांच्या देखभालीत तीन दशके काढलेला माणूस म्हणून मला नमूद करावेसे वाटते की हे वाक्य शब्दशः खरे असू शकते आणि त्यात चालकाचा काहीही दोष नसू शकतो. अशा क्षणी इंजिन थांबवू शकणारी वस्तू म्हणजे इंजिनाची हवा तोडणारी आपत्कालीन झडप. माझ्या अनुभवात या झडपेच्या देखभालीकडे जितके दुर्लक्ष होते तितके इंजिनाच्या दुसऱ्या कोणत्याही भागाकडे होत नाही. ती बसवलेली असते, तपासणीच्या कागदावर तिच्यापुढे 'आहे' अशी खूणही होते. परंतु ती शेवटची कधी बंद करून पाहिली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. या पत्राचा हेतू तेवढ्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचा आहे.

ही झडप कशासाठी लागते, हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी थांबवली की ज्वलन थांबते. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. सिलिंडरात आलेली हवा साधारण चौदा ते बावीस पट दाबली जाते आणि त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेवर नियंत्रण नसतेच. ती नेहमी मोकळेपणाने आत येत असते आणि इंजिनाचा वेग ठरतो तो गव्हर्नर (वेग सांभाळणारे साधन) किती डिझेल सोडतो यावर. म्हणून चावी फिरवल्याने किंवा स्टॉप लिव्हर ओढल्याने फक्त डिझेल तोडले जाते. आता समजा, आजूबाजूच्या हवेतच गळतीचा गॅस मिसळलेला आहे. तो एअर फिल्टरमधून हवेबरोबर थेट सिलिंडरात पोहोचतो आणि तेथे पेटतो. वेग वाढल्याचे पाहून गव्हर्नर डिझेल कमी करत शून्यावर आणतो, तरी वेग वाढतच राहतो. कारण वेग जितका वाढेल तितकी जास्त हवा, म्हणजे तितका जास्त गॅस, इंजिन ओढून घेते. चालकाच्या हातात असलेली सगळी साधने डिझेल तोडण्याची असतात आणि इंजिन तर डिझेलवर चालतच नसते. अशा वेळी आत येणारी हवाच तोडली, तरच ज्वलन थांबते, आणि ही झडप तेच काम करते.

गॅसचा संबंध नसलेल्या ठिकाणीही असे घडते. टर्बोचार्जरचे (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याचे) ऑइल सील गेले, क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीत) तेल खुणेच्या वर भरले गेले आणि ते ब्रीदरच्या (त्या पेटीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने हवेच्या मार्गात आले, ऑइल-बाथ पद्धतीच्या एअर क्लीनरमध्ये जास्त तेल ओतले, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून तेलाची वाफ मोठ्या प्रमाणावर ब्रीदरमधून परत इंजिनात जाऊ लागली, तर इंजिन स्वतःचेच वंगणतेल जाळून धावू लागते. इंजेक्शन पंपाची रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी) पूर्ण उघड्या स्थितीत अडकली, तर मात्र इंधन डिझेलच असते आणि निदान तत्त्वतः तरी ते नळीपाशी तोडता येते. पण तेवढा वेळ हाती असेलच असे नाही. फिरणाऱ्या आणि वरखाली होणाऱ्या भागांवरचा जडत्वाचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की ताण सव्वादोन पट होतो. त्या ताणाने कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्याचीही संधी मिळत नाही. अशा वेळी कोणी चिंधी, पोते किंवा हात लावून हवेचे तोंड दाबायला धावतो. त्याची धडपड मी समजू शकतो, पण कापड आत ओढले जाते आणि हातही सुटत नाही. कोणताही डिझेल इंजिन चालवणारा माणूस त्या धडपडीपर्यंत पोहोचू नये, म्हणूनच ही झडप असते.

23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात एक युनिट पुन्हा सुरू करताना त्यातील मनोरा प्रमाणाबाहेर भरला आणि ज्वलनशील द्रव ब्लोडाउन ड्रमच्या (युनिटमधून सोडलेला द्रव आणि वाफ घेणाऱ्या टाकीच्या) धुराड्यातून बाहेर उसळून त्याच्या वाफेचा ढग पसरला. जवळच एक डिझेल पिकअप गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. वाफ ओढली जाताच तिचे इंजिन भरधाव झाले आणि चालकाला ते बंद करता आले नाही. ढग पेटण्याचे कारण बहुधा तीच गाडी होती, असा तपासाचा निष्कर्ष आहे. त्या स्फोटात 15 माणसे गेली आणि 180 जखमी झाली. पुढे 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर विहिरीतून गॅस उसळला, तेव्हा वीज पुरवणाऱ्या डिझेल इंजिनांचा वेग वाढत गेल्याचा आवाज आणि दिवे अधिकाधिक प्रखर होत फुटल्याचे दृश्य वाचलेल्यांनी साक्षीत सांगितले आहे. तेथे 11 जण मृत्युमुखी पडले. पहिल्या घटनेत साधी पिकअप गाडी होती आणि दुसऱ्या घटनेत प्रचंड जनरेटर होते. म्हणजे इंजिन लहान आहे, ते थोडा वेळच आत येणार आहे, ही सबब चालत नाही. धोक्याच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक डिझेल इंजिनाला हा प्रश्न लागू आहे, मग ते पंपाचे असो, काँप्रेसरचे असो, वेल्डिंग सेटचे असो किंवा सामान उतरवून जाणाऱ्या ट्रकचे असो.

याची जाणीव नियम करणाऱ्यांना नाही असे नाही. अमेरिकेच्या समुद्रातील तेलविहिरींच्या नियमांत डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गावर असे साधन सक्तीचे आहे. ज्या इंजिनाजवळ माणूस सतत हजर असतो तेथे दुरून हाताने चालवण्याचे साधन चालते, पण जेथे तो सतत नसतो तेथे ते आपोआप चालणारेच हवे, असा भेदही त्यात केलेला आहे. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. मात्र झडप बसवून घेण्याचे काम नियम करू शकतो. तिच्या स्पिंडलवर (ज्या दांड्यावर ती फिरते त्यावर) साचलेला थर खरवडून काढण्याचे काम शेवटी कोणा एका फिटरलाच करावे लागते.

ही झडप टर्बोचार्जर आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ) यांच्या मध्ये, शक्यतो मॅनिफोल्डच्या जितकी जवळ बसवता येईल तितकी जवळ असते. काही झडपांत स्पिंडलवर फिरणारा फ्लॅप असतो, काहींत सरकून आडवी येणारी पट्टी असते. बहुतेकांत स्प्रिंगचा जोर झडप बंद करण्याच्या दिशेने असतो आणि एका लॅचने (खटक्याने) तिला उघडे धरून ठेवलेले असते. केबल ओढली, सोलेनॉइडला (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या खटक्याला) वीज मिळाली किंवा तोडली गेली, अथवा दाबाची हवा आली, की लॅच सुटतो आणि झडप झटक्यात बंद होते. रचना इतकी साधी आहे की तिच्यात बिघडण्यासारखे काय असणार, असे वाटते. बिघाड होतो तो याच समजुतीमुळे.

एका कामावर पंप चालवणाऱ्या इंजिनाची जबाबदारी माझ्याकडे नव्याने आली होती. त्याचे तपासणीचे कागद अगदी ताजे होते. इंजिन मंद वेगावर ठेवून मी आपत्कालीन हँडल ओढले. केबल सहज आली, हँडल पूर्ण बाहेर आले, आणि इंजिन तसेच चालू राहिले. उघडून पाहिले, तेव्हा फ्लॅप तिसऱ्या हिश्श्याएवढा खाली येऊन थांबलेला होता. ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ आणि धूळ यांचा डांबरासारखा काळा थर स्पिंडलवर आणि फ्लॅपच्या बैठकीवर बसला होता. आम्ही ती साफ केली, झडप खटकन बंद होऊ लागली आणि इंजिन थांबू लागले. मी समाधान मानले, आणि ती माझी चूक होती. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली, तर फ्लॅपची हालचाल परत जड झाली होती. कारण ब्रीदरचा फिल्टर बदलायचा राहून गेला होता आणि तेल येतच होते. तेव्हापासून झडपेत तेल दिसले की ते कोठून आले हे सापडल्याशिवाय मी ते काम पूर्ण झाले असे लिहिले नाही. शिवाय हे तेलच इंजिनाला भरधाव करू शकणारे इंधन आहे, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे: झडप चिकट करणारे आणि झडपेची गरज निर्माण करणारे कारण एकच असू शकते.

सर्व्हिसिंगचे काम सुरू करताना इंजिन थंड हवे, बॅटरी सोडलेली हवी आणि फ्लॅपच्या मार्गात बोट जाऊ देता कामा नये, कारण स्प्रिंगचा फटका बोट मोडण्याइतका असू शकतो. फ्लॅप हाताने हळूहळू उघडून आणि मिटून पाहिला की तो कोठे अडखळतो हे कळते. पण तेवढ्यावर न थांबता लॅच सोडून त्याला स्वतःच्या स्प्रिंगने बंद होऊ द्यावे, कारण हाताचा जोर स्प्रिंगचे दुबळेपण लपवतो. स्पिंडल बुशमध्ये हलत असेल, तर फ्लॅप तिरका बसतो. फ्लॅपचे स्क्रू विशेष काळजीने पाहावेत, कारण सुटलेला स्क्रू पुढे थेट सिलिंडरातच जाणार असतो. साफसफाईसाठी झडप बनवणाऱ्याने सांगितलेलेच द्रावण वापरावे. भलत्या द्रावणाने ओ-रिंग फुगते आणि साफ केलेली झडपच अडकते. घट्ट ग्रीस भरपूर लावण्याची सवयही सोडायला हवी. ग्रीस धूळ धरते आणि काही महिन्यांत त्याचाच थर होतो. केबलमध्ये गंज नाही ना, ती कोठे तीव्र वळलेली नाही ना, आणि हँडलच्या टोकाला झालेली ओढ लॅचपर्यंत पूर्ण पोहोचते ना, हे दोन माणसांनी मिळून पाहावे. एकाने ओढावे आणि दुसऱ्याने लॅचकडे लक्ष ठेवावे.

सोलेनॉइडच्या बाबतीत एक भेद फिटरला माहीत असलाच पाहिजे. काही झडपा वीज मिळाल्यावर बंद होतात आणि काही वीज गेल्यावर. पहिल्या प्रकारात तार तुटली किंवा कनेक्टर गंजला, तर वरून काहीच दिसत नाही. इंजिन रोज सुरळीत चालते आणि दोष कळतो तो नेमका संकटाच्या क्षणी. म्हणून कॉइलचा रोध मोजणे आणि प्रत्यक्ष स्विच दाबून पाहणे, या दोन्ही गोष्टी ठरलेल्या वेळापत्रकाने व्हायला हव्यात. दुसऱ्या प्रकारात तार तुटली की इंजिनच बंद पडते. ते सुरक्षित आहे, पण कामात वारंवार खोळंबा होतो. तसाच खोळंबा झिजलेला लॅच धक्क्याने आपोआप सुटल्यामुळेही होतो. आणि मग एके दिवशी कोणीतरी लॅच तारेने बांधून टाकतो. मी असे तारेने बांधलेले लॅच पाहिले आहेत. बांधणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याने तीन वेळा तक्रार करूनही लॅच बदलून मिळालेला नसतो आणि काम थांबवल्याचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

जेथे वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर झडप आपोआप बंद होते, तेथे ती मर्यादा इंजिनाच्या ठरलेल्या वेगापेक्षा बहुधा 10 ते 15 टक्के वर ठेवतात. म्हणजे 1500 आरपीएमच्या इंजिनासाठी 1650 ते 1725. वेग मोजणारा सेन्सर फ्लायव्हीलच्या दातांजवळ असेल, तर त्याचे दातांपासूनचे अंतर आणि त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पाहावा. ही यंत्रणा तपासण्यासाठी इंजिन खरोखर त्या वेगापर्यंत नेण्याची गरज सहसा नसते. अनेक नियंत्रकांत चाचणीचा स्विच असतो आणि तो दाबला की मर्यादा तात्पुरती खाली येते.

हाताने केलेली चाचणी इंजिनावर भार नसताना आणि मंद वेगावरच करावी. जास्त वेगावर झडप बंद केली, तर तिच्या पुढच्या भागात मोठी निर्वात पोकळी निर्माण होते आणि सीलमधून तेल आत ओढले जाऊ शकते. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत तर ब्लोअरचे (हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचे) सील याच कारणाने जात असत. खऱ्या संकटात ही फिकीर करायची नाही, तेव्हा सील गेले तरी चालेल. पण त्यानंतर टर्बो, सील आणि हवेचे नळ तपासल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये. रोज इंजिन थांबवण्यासाठी ही झडप वापरणेही याच कारणाने अयोग्य आहे.

मंद वेगावरच्या चाचणीत एक गोष्ट फार उपयोगाची आहे. मंद वेगावर इंजिनाला हवा कमी लागते, त्यामुळे थोडीशी गळतीही त्याला चालू ठेवायला पुरते. झडप बंद होऊनही इंजिन काही सेकंदांत न थांबता धापा टाकत चालू राहिले, तर हवा दुसरीकडून येत आहे असे समजावे. फ्लॅपची बैठक झिजलेली असते, गॅस्केट फुटलेले असते, क्लॅम्प ढिला असतो, किंवा झडपेच्या पुढे कोणीतरी ब्रीदरची नळी जोडून ठेवलेली असते. झडपेपुढे रबराचा मऊ होज असेल, तर तो पोकळीने पिचकतो आणि कधी फाटून हवेला वाट करून देतो. व्ही आकाराच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या झडपा असतील, तर त्या एकाच वेळी बंद व्हायला हव्यात. एक राहिली, तर अर्धे इंजिन चालूच असते.

चाचणीनंतर झडप हाताने पुन्हा उघडून लॅचमध्ये बसवावी लागते. ते विसरले गेले, की पुढच्या पाळीचा माणूस स्टार्टर फिरवत राहतो, इंजिन सुरू होत नाही, आणि फिरणारे इंजिन बंद झडपेच्या पुढे तेल ओढत राहते. झडप उघडी आहे की बंद, हे दाखवणारी खूण दूरवरून दिसेल अशी रंगवलेली असावी. टर्बो किंवा मॅनिफोल्ड बदलण्याचे मोठे काम झाल्यावर झडप परत बसवली का, आणि तिच्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे का, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.

ही सगळी मेहनत कोणाच्या नजरेस येत नाही, कारण नोंदवहीत तिच्यासाठी जागाच नसते. माझी विनंती आहे की कारखाने, खाणी, तेलवायूची कामे आणि यंत्रे भाड्याने देणारे यांनी 'झडप बसवलेली आहे' हा रकाना काढून टाकावा आणि त्याजागी चाचणीची तारीख, त्या वेळचा वेग, इंजिन थांबायला लागलेले सेकंद आणि झडप पुन्हा उघडणाऱ्याची सही असे रकाने ठेवावेत. थांबायला लागणारे सेकंद दर खेपेस लिहिले, तर दोष वाढत असल्याचे झडप अडकण्याआधीच कळते. किती दिवसांनी चाचणी करायची हे झडप बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. धुळीच्या आणि तेलाच्या वाफेच्या जागी ती त्याहून लवकर करावी, असे माझे मत आहे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही कागद पाहण्याआधी इंजिनाजवळ उभे राहून झडप आपल्यासमोर बंद करायला सांगावी. त्याला पाच मिनिटे लागतात. डिझेल मेकॅनिकचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा तरी चालू इंजिन या झडपेने थांबवून घ्यावे. ज्याने तो झटका हाताने अनुभवला आहे, तो लॅचला तार बांधताना थांबेल.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्रालाही आहे. यापुढे गॅसच्या जागी डिझेल इंजिन बंद न झाल्याची बातमी आली, तर आपल्या वार्ताहराने संबंधितांना दोनच प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे बातमीत छापावीत: त्या इंजिनाला हवा तोडणारी झडप होती का, आणि ती त्याआधी कोणत्या तारखेला बंद करून पाहिली होती?

आपला विश्वासू,
डिझेल इंजिन देखभालीतील एक निवृत्त तंत्रज्ञ